सरावाची क्षमा

बाप्तिस्म्याचा सराव आम्ही बाहुलीवर करतो.
प्लास्टिकची, एकच डोळा मिटणारी,
माउमेरेच्या बाजारातून कुणीतरी कधीतरी आणलेली.
आजवर तिला किती नावं मिळाली, तिलाच ठाऊक.
मी तिला माझ्या बहिणीचं दिलं,
सात दिवसांची होऊन गेली ती,
आणि पाणी ओतताना माझा हात जरा जास्तच खाली गेला.
"बुडवू नकोस तिला," फादर वेको म्हणाले.
वर्ग हसला.

मिस्सेचाही सराव असतो.
ओस्त्या कोऱ्या, प्याल्यात नळाचं पाणी.
शब्द सगळे खरे,
आम्हीच अजून खरे नाही,
म्हणून भाकर भाकरच राहते
आणि तास संपला की एमिलियानुस
उरलेल्या ओस्त्यांचा बकाणा भरायचा, शेंगदाण्यांसारखा.
तिसऱ्या वर्षी तो गेला.
आता मोटरसायकलवर सवाऱ्या नेतो.
भेटला की पैसे घेत नाही.
"एक मिस्सा उधार राहिली तुझ्याकडे," म्हणतो,
आणि धूळ उडवत निघून जातो बंदराकडे.

तत्त्वज्ञान चार वर्षं, ईश्वरज्ञान चार वर्षं,
डुकरं आठही वर्षं.
हे घरी कुणी सांगितलेलं नसतं.
पहाटेची घंटा, प्रार्थना, मग केळीचे खुंट चिरायचे,
हाताचा चीक दिवसभर जात नाही,
लॅटिनच्या वहीवर त्याचे डाग.

आई गावी माझ्यासाठी स्टोल विणते आहे.
नीळ तिच्या नखांत कायमची बसलीय.
"किती झालं?" विचारलं तर म्हणते,
"तुझं जितकं झालं तितकं."
माझी एखादी रात्र वाईट जाते.
खिडकीतून एगोनचा धूर दिसतो, खालच्या वस्तीत
कुणाच्या तरी लग्नाची ढोलकी.
तेव्हा मला तो माग आठवतो,
आणि अर्धवट कापडाचं आई काय करील, हा प्रश्न.

शुक्रवारी पापनिवेदनाचा तास.
दोन खुर्च्या, मध्ये जुन्या मच्छरदाणीचा पडदा,
पलीकडे फादर वेको, दर आठवड्याला नवे पापी.
कधी शेजारणीची कोंबडी रस्सा करून खाल्लेली म्हातारी,
कधी मलेशियात ताडाच्या मळ्यावर
दुसरा संसार थाटून बसलेला गडी.
आवाज असे काढतात की हसू दाबावं लागतं.
आम्ही ऐकायचं.
घड्याळाकडे बघायचं नाही.
नवल वाटलं तरी श्वासातून कळू द्यायचं नाही.

परवा माझी पाळी होती.
त्यांनी आवाज बदलला नाही.
म्हणाले, भावाने मरताना बोलावणं धाडलं होतं.
पालुए काही लांब नाही, इथून दिसतं.
समुद्रही शांत होता त्या दिवशी.
जमिनीवरून अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं.
म्हटलं, उद्या जाऊ.

मग थांबले.
मी वाट पाहिली, आता खोकतील,
म्हातारीच्या आवाजात कोंबडीचं काहीतरी जोडतील.
मागे सोळा जण, डोक्यावर पंखा,
पडद्याला पडलेलं एक भोक
आणि त्यातून दिसणारा त्यांचा अंगठा,
दुसऱ्या अंगठ्यावर घासत राहिलेला.

मला सगळं पाठ होतं.
पण ते वाक्य माझ्या तोंडी अजून
प्याल्यातल्या नळाच्या पाण्यासारखं.
त्यांना हे माझ्याहून जास्त माहीत.
त्यांनीच शिकवलेलं.

तरी हात उचलला. पूर्ण म्हटलं,
एकही शब्द न गाळता.
पलीकडून "आमेन" आलं, बरंच उशिरा.

संध्याकाळी वही परत मिळाली. लाल शाईत शेरा:
"उच्चार स्पष्ट. प्रायश्चित्त द्यायला विसरलास.
इतक्या लवकर सोडू नये कुणाला."
त्याखाली एक ओळ, खोडलेली.
दिव्यासमोर धरली, उलटी धरली,
लागली नाही.

डुकरं केकाटायला लागली होती.
बादली उचलली, गेलो.